साथ एकच, मरणे निराळी

दिवाळीच्या अंकात मरणाचा हिशेब मांडणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणून आहे. पण ज्या सणात धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमाला दिवा दाखवण्याची रीत आहे, त्या सणात एवढे चालून जावे. शिवाय मी मांडणार आहे तो हिशेब नुसता मेलेल्यांचा नाही. मरणाच्या दारात असूनही जी माणसे वाचली, किंवा वाचवली गेली, त्यांचाही तो आहे. आणि मला तो भाग अधिक मोलाचा वाटतो.

१९१८ सालची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभीच आली. चार वर्षे चाललेले महायुद्ध संपायला अवघा आठवडा उरला होता. पण त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पणती लावण्याइतके बळ असलेले माणूस उरले नसेल. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेले, आणि सप्टेंबरपासून गावोगाव इन्फ्लुएन्झाचा ताप पसरलेला. लोकांनी त्याला ‘मानमोडी’ असे नाव दिले. साधा ताप म्हातारी माणसे आणि तान्ही मुले नेतो. हा ताप विशीतिशीतली धडधाकट माणसे नेई. त्यांतही आपल्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक गेल्या. घरातल्या आजाऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा करायची ती बाईने, आणि ती आजारी पडली म्हणजे तिला पाणी द्यायला कोणी नाही, अशी अवस्था होती.

या साथीचा ठसा शिरगणतीच्या आकड्यांत आजही दिसतो. आज जो भारत आहे त्याच्या हद्दीत १९११ साली सुमारे २५ कोटी २१ लाख माणसे होती. १९२१ साली ती २५ कोटी १३ लाख भरली. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटावी, असे आपल्या शिरगणतीच्या इतिहासात एकदाच घडले आहे.

हे आकडे प्रथम वाचले तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ही साथ काही एकट्या हिंदुस्थानावर आली नव्हती. युरोप, अमेरिका, आफ्रिका, पॅसिफिकमधली बेटे, सर्वत्र तिने हात फिरवला. मग सगळीकडे माणसे सारख्याच प्रमाणात मेली काय? उत्तर शोधू गेलो तर आकडे चकित करणारे निघाले. ऑस्ट्रेलियात दर हजारी तीनपेक्षाही कमी माणसे दगावली. इंग्लंड व वेल्समध्ये आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे प्रमाण हजारी सहाच्या आसपास होते. हिंदुस्थानात, आज मान्य असलेल्या अंदाजांप्रमाणे, ते चाळीस ते पन्नासच्या घरात जाते. आणि पश्चिम सामोआ नावाच्या एका छोट्या मुलखात हजारातली सुमारे २२० माणसे गेली. म्हणजे पाचांतले एक माणूस!

रोग तोच, वर्ष तेच, औषध कोणापाशीच नाही. मग एवढा फरक कशाने पडला? याचे सर्वांत बोलके उत्तर त्या सामोआतच सापडते, म्हणून वाचकांना थोडा वेळ तिकडे घेऊन जातो.

न्यूझीलंडच्या ईशान्येस, पॅसिफिक महासागरात, सामोआ हा बेटांचा पुंजका आहे. लोक एका वंशाचे, भाषा एक, सोयरसंबंधही एकमेकांत. १८९९ साली बड्या राष्ट्रांनी त्याची वाटणी केली. पूर्वेकडली बेटे अमेरिकेने घेतली आणि पश्चिमेकडली जर्मनीने. १९१४ मध्ये युद्ध पेटताच न्यूझीलंडच्या फौजेने जर्मनांचा वाटा काबीज केला. अशा रीतीने १९१८ साली एका बाजूला अमेरिकेच्या आरमाराचा अधिकारी जॉन पॉयर राज्य करीत होता आणि दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचा कर्नल रॉबर्ट लोगन. दोन्ही मुलखांत अंतर म्हणावे तर समुद्राचा साठ-सत्तर किलोमीटरांचा पट्टा.

७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेली ‘तालुने’ नावाची बोट पश्चिम सामोआतील आपिया बंदराला लागली. ऑकलंडमध्ये तेव्हा इन्फ्लुएन्झाचा कहर चालू होता आणि बोटीवरही आजारी उतारू होते. वाटेत फिजी बेटांत तिच्यावरच्या लोकांना मोकळेपणाने उतरू दिले नव्हते. आपियात मात्र कोणी अडवले नाही. उतारू उतरले, आपापल्या गावी गेले, आप्तांना भेटले. पुढल्या काही आठवड्यांत ३८ हजार वस्तीच्या त्या मुलखात सुमारे साडेआठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुरायला माणसे मिळेनात म्हणून एकाच खड्ड्यात अनेकांना मूठमाती द्यावी लागली. गावांतले जाणते पुढारी, ज्यांच्या तोंडी परंपरा टिकून होती असे वडीलधारे, एका फटक्यात नाहीसे झाले.

अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआत किती माणसे मेली? एकही नाही.

पॉयरपाशी काही निराळे औषध नव्हते. त्याने बिनतारी यंत्रावर येणाऱ्या बातम्यांकडे वेळीच लक्ष दिले आणि येणाऱ्या बोटींवरच्या माणसांना अडवून वेगळे ठेवण्याचा बंदोबस्त केला. पण नुसत्या हुकमाने हे भागले नसते. बेटांचा किनारा लांब, आणि होडीत बसून रातोरात पलीकडच्या आप्तांकडे जाणे-येणे हा तर तिथल्या लोकांचा नित्याचा परिपाठ. तो किनारा राखला कोणी? मूठभर खलाशांच्या हातून हे होण्यासारखे नव्हते. पॉयरने गावोगावच्या सामोअन नायकांना विश्वासात घेतले, आणि लोकांनी स्वतःच किनाऱ्यावर पहारा ठेवला. पलीकडून येणारी होडी आपल्या सोयऱ्याची असली तरी ती परतवायची, हे कठोर काम त्यांनी केले. मला या साऱ्या कथेतली ही गोष्ट सर्वांत थोर वाटते. सोयऱ्याला दारातून परत पाठवणे कोणत्याही समाजात सोपे नसते.

पॉयरने पलीकडे मदतही देऊ केली होती. लोगनने ती घेतली नाही. पागो पागोच्या अमेरिकन बंदरात आपली टपालाची बोट अडवली, याचाच त्याला राग आला आणि त्याने तिकडचा बिनतारी संदेशांचा संबंधच तोडून टाकला, असा इतिहास आहे. सामोअन लोक हे विसरले नाहीत. पुढे न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्ध ‘माऊ’ नावाची जी निःशस्त्र चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी या साथीचे दुःखही होते. १९६२ साली पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. त्या स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००२ साली, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपल्या देशाच्या वतीने जाहीर क्षमा मागितली.

यावर कोणी म्हणेल, आठ हजार वस्तीच्या बेटाचे काय घेऊन बसलात! बेटाला दार असते, ते लावता येते. आगगाड्यांनी जोडलेल्या मोठ्या शहराला दार कुठले? आक्षेप खरा आहे. म्हणून दार नसलेल्या दोन शहरांचे उदाहरण घेऊ. दोन्ही अमेरिकेतली. फिलाडेल्फियात, रोग शहरात शिरला आहे हे ठाऊक असताना, २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक निघाली. दोन लाखांचा जमाव लोटला. थोड्याच दिवसांत इस्पितळांत खाट मिळेना. तिकडे सेंट लुईमध्ये आरोग्याधिकारी डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रोगी थोडे असतानाच, शाळा, नाटकगृहे, प्रार्थनामंदिरे बंद करवली. व्यापारी मंडळी कुरकुरली. पण साथ ओसरल्यावर हिशेब झाला तेव्हा सेंट लुईचे मृत्यूचे प्रमाण फिलाडेल्फियाच्या जवळजवळ निम्मे भरले. दोन आठवड्यांच्या घाईने एवढे साधले. मध्यंतरी बंधने सैल करताच सेंट लुईतही मरणे वाढली आणि बंधने पुन्हा घालावी लागली, हेही नमूद करायला हवे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत या रोगाची पहिली चाहूल जूनमध्ये लागली. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात गेले. रोग फौजेच्या बोटीतून आला, असे शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत. उलट बोटीवरच्या लोकांनाच तो मुंबईत जडला, असे सरकारचे म्हणणे. हा वाद चालू असता पहिली लाट थोडक्यात निभावली. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. शहरातून ही साथ आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेली. डॉक्टर युद्धावर गेलेले, जे होते ते गावांपर्यंत पोहोचत नव्हते.

पण मुंबईच्या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मन खिन्न होते. त्या साथीत युरोपियनांत दर हजारी ८.३ माणसे मेली, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, इतर हिंदूंत १८.९, आणि ज्यांना सरकारी दप्तर ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणे, त्यांच्यात ६१.६. शहर एक, बंदर एक, हवा एक. पण मलबार हिलच्या बंगल्यात आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मरणाचा भाव सातपट निराळा. न्यूझीलंडमध्येही माओरी लोकांतले मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांच्या सात-आठ पट होते. देशादेशांतील तुलना करताना आपण एका देशाला एकच आकडा चिकटवतो. पण त्या आकड्याच्या पोटात असे दोन-दोन देश दडलेले असतात.

सरकारने त्या वेळी काय केले? थोडी इस्पितळे उघडली, हस्तपत्रके काढली, मोकळ्या हवेत झोपण्याचा सल्ला दिला. खरा भार उचलला तो लोकांनी. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातीजातींच्या धर्मादाय मंडळ्या, तरुण स्वयंसेवक यांनी औषध, दूध, कपडे घरोघर पोहोचवले. सरकार एवढे हात आखडून का बसले, असा प्रश्न पडतो. कारण हेच सरकार वीस-एकवीस वर्षांपूर्वी असे मुळीच वागले नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे, हे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. पुढल्याच वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा करून अमर्याद अधिकार हाती घेतले. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरात शिरले. देवघर-स्वयंपाकघर न बघता झडत्या झाल्या, सामान जाळले गेले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली. रोगापेक्षा या बंदोबस्ताचीच लोकांनी अधिक धास्ती घेतली. लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले, गावे सोडून पळू लागले आणि रोग बरोबर घेऊन गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. त्याच पुण्यात त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. एका बाजूला बुटांसह घरात शिरणारा बंदोबस्त आणि दुसऱ्या बाजूला रोग्याला स्वतः उचलून नेणारी माणुसकी, दोन्ही एकाच शहरात, एकाच ऋतूत नांदत होती. पुढल्या पाव शतकात प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसे नेली. इतर बहुतेक देशांत त्याच साथीने नेलेली माणसे त्या मानाने अगदी थोडी होती.

या अनुभवाने सरकार शहाणे झाले खरे, पण अर्धेच. जबरदस्ती केली तर बंड होते, एवढे ते शिकले. लोकांना बरोबर घेऊन काम कसे करावे, हे शिकले नाही. म्हणून १८९७ साली जे सरकार नको तितके घरात शिरले, तेच १९१८ साली उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पॉयर हाही परक्या सत्तेचाच अधिकारी होता, त्याला संत ठरवण्याचे कारण नाही. पण त्याचा पहारा त्या भूमीतल्या लोकांनी आपला मानला आणि रँडचा पहारा पुणेकरांनी वैऱ्याचा मानला. सारा फरक इथे आहे, असे माझे मत झाले आहे. दार वेळेवर लावणे हे निम्मे काम. ते आतून लावले गेले पाहिजे.

आता या सगळ्या आकड्यांवर विसंबावे किती, तेही पाहू. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात सुमारे साठ लाख माणसे मेली, असा सरकारचा आरंभीचा अंदाज. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी तो पंचाऐंशी लाखांवर गेला. १९५१ साली किंग्ज्ली डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने तो दोन कोटींच्या जवळ नेला. अलीकडचे अभ्यासक एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख यांच्या दरम्यान कुठेतरी थांबतात. मेलेली माणसे वर्षानुवर्षे वाढत कशी गेली? कारण मेली तेव्हा ती मोजलीच गेली नव्हती. जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. गावकामगारच अंथरुणाला खिळला, किंवा गेला, की वही कोरी राही. ज्यांची नोंद झाली त्यांच्यापुढेही बहुधा नुसता ‘ताप’ एवढाच शब्द पडे.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आज तसे नाही, असे म्हणावे तर करोनाच्या साथीचा अनुभव आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. २०२० साली रोजच्या रोज देशादेशांचे तक्ते छापून येत आणि आपण क्रिकेटच्या धावफलकासारखे ते वाचत होतो. त्या वसंतात बेल्जियम सर्वांत वाईट देशांत दिसे. एक कारण असे की वृद्धाश्रमांत नुसत्या संशयित करोनाने गेलेली माणसेही तो देश मोजत होता. इतर कित्येक देश मोजत नव्हते. पेरू देशाने तर मे २०२१ च्या अखेरीस आपला आकडा तपासून घेतला आणि ६९,३४२ वरून तो एकदम १,८०,७६४ वर नेला. एका रात्रीत तो देश तक्त्यात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत खाली, जाऊन बसला. पण मला त्या देशाचे कौतुक वाटते. खरे सांगून लाज पत्करणे हे कोणत्याही सरकारला अवघडच.

आपल्याकडे २०२१ अखेरपर्यंत करोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार होते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यात जगाचा आकडा एक कोटी एकोणपन्नास लाख आणि भारताचा सत्तेचाळीस लाख. भारत सरकारने ही रीत अमान्य केली. पुढे २०२५ साली देशाच्या जन्ममृत्यू नोंदणीचे आकडे बाहेर आले. त्यांत २०२१ सालचे नोंदलेले मृत्यू आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाखांनी अधिक दिसले. नोंदणी सुधारल्यामुळे काही वाढ झाली असेल, हे धरूनही अधिकृत आकडा आणि ही वाढ यांतले अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. म्हणून कोणत्याही देशाने थोडी मरणे दाखवली की मी प्रथम विचारतो, तिथे मोजणारा जिवंत होता ना, आणि त्याला मोजू दिले ना?

सामोआची कथा मात्र १९१८ वर थांबत नाही. २०१८ साली तिथे दोन तान्ही बाळे गोवराची लस टोचल्यावर दगावली. दोष लशीचा नव्हता. परिचारिकांनी ती पाण्याऐवजी भलत्याच औषधात कालवली होती. पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण कोसळले, आणि २०१९ च्या अखेरीस गोवर आला तेव्हा दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जीव गेले. बहुतेक पाच वर्षांखालची मुले. पलीकडे अमेरिकन सामोआत मुलांना लस टोचलेली होती. तिथे एकही मूल दगावले नाही. शंभर वर्षांनी तोच समुद्र आणि तेच दोन किनारे! तेव्हा सामोआच्या सरकारने दोन दिवस सारे व्यवहार बंद ठेवले. ज्या घरात लस घ्यायची राहिली असेल त्याने दाराबाहेर लाल फडके लावावे, असे सांगितले आणि लस टोचणाऱ्या तुकड्या फडके पाहून घरोघर गेल्या. लोकांनी फडकी लावली. पुढल्याच वर्षी करोना आला तेव्हा या देशाने वेळीच बंदरे लावून घेतली. रोग वस्तीत शिरला तो थेट मार्च २०२२ मध्ये, बहुतेक प्रौढांनी लस घेतल्यानंतर. आणि मरणे काही डझनांच्या आत राहिली.

तक्त्यातल्या आकड्यांमागे मला शेवटी हीच लाल फडकी दिसतात. सरकारने विचारावे, लोकांनी उत्तर द्यावे, आणि दोघांचाही एकमेकांवर भरवसा असावा. असे जिथे घडले तिथे माणसे वाचली.

आणि १९१८ ची आपली माणसे? साठ लाख आणि दोन कोटी यांच्या मधल्या दरीत जी हरवली, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. असली तर आपल्या घरांतच आहेत. दिवाळीला चार वडीलधारी मंडळी एकत्र जमतात. घरची वंशावळ असेल तर ती एकदा खाली काढावी. पणजोबांची पहिली बायको, आजीचा थोरला भाऊ, कोणीतरी ‘मानमोडीत गेली’, ‘मानमोडीत गेला’, एवढेच कानावर आलेले असते. त्या माणसाचे नाव विचारून घ्यावे आणि कागदावर लिहून ठेवावे. सरकारी वहीत राहिलेली नोंद एवढ्या उशिरा का होईना, कोणाच्या तरी हातून व्हावी.